टायर घासलाय हे दिसतं. तो का घासलाय हे कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा: किती किलोमीटर झाले की कारचे टायर दाखवायला न्यावेत, आणि काम निघालंय हे गाडीवाल्याला स्वतःला कशावरून कळेल?

किलोमीटरचा आकडा आधी बाजूला ठेवा. एकाच दिवशी बसवलेले चार टायर एकाच गाडीवर वेगवेगळ्या वेळी संपतात. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जात असेल तर पुढची जोडी मागच्यापेक्षा बरीच आधी झिजते, कारण गाडी ओढायची तिनेच, वळवायची तिनेच आणि ब्रेकचा मोठा भारही तिच्यावरच. किलोमीटर कामाला येतात ते टायरची अदलाबदल, म्हणजे पुढचे मागे आणि मागचे पुढे, कधी करायची हे ठरवायला. बाकीचं टायरच सांगतो: किती उरलाय, कुठल्या कडेने गेलाय, दोष हवेचा आहे की सस्पेन्शनचा. हे नीट बघितलं नाही आणि नुसता टायर बदलला, तर नवी जोडीही त्याच कडेने घासून जाते.

सुरुवात हवेपासून. योग्य प्रेशरचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांचं प्रेशर वेगळं असू शकतं, आणि माणसं-सामान भरलेल्या गाडीसाठी बहुतेक वेळा निराळा आकडा दिलेला असतो. टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या उभ्या भिंतीवर, उठावदार अक्षरांत 'मॅक्स प्रेशर' म्हणून जो आकडा असतो तो टायरची कमाल मर्यादा सांगतो. तेवढी हवा भरायची नसते. हा घोळ फार लोक करतात.

प्रेशर गार टायरचं मोजायचं. गार म्हणजे गाडी निदान तीन तास उभी आहे, किंवा जेमतेम एक-दोन किलोमीटर चालली आहे. हायवेवरून आल्या आल्या मोजलं तर आकडा चार-सहा पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) जास्त दिसतो, आणि तो तसा दिसायलाच हवा. 'जास्त झाली' म्हणून ती हवा काढली, की सकाळी गार झालेला टायर तेवढाच कमी निघतो. गरम टायरमध्ये हवा भरायची वेळ आलीच तर सांगितलेल्या आकड्यापेक्षा चारेक पीएसआय जास्त ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना दुरुस्त करा. बाहेरचं तापमान दहा अंशांनी उतरलं की प्रेशर दीड-दोन पीएसआय आपोआप उतरतं, म्हणून थंडी सुरू होताना एकदा मोजून घेणं बरं.

'उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो' ही समजूत उलटी आहे, आणि धोक्याचीही. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीत जास्त दबते आणि परत फुगते. त्या सततच्या वाकण्यातून उष्णता तयार होते, आतले थर एकमेकांपासून सुटायला लागतात, आणि भरलेली गाडी वेगात असताना टायर जातो. म्हणजे गरमीच्या दिवसांत कमी हवा जास्त महागात पडते.

नजरेने हवा ओळखता येत नाही. रेडियल टायर योग्य हवेतही जमिनीपाशी थोडा फुगलेला दिसतो, आणि सात-आठ पीएसआय कमी असलेला टायरही जवळपास तसाच दिसतो. लाथ मारून तर काहीच कळत नाही. स्वतःचा एक गेज घ्या. तो एखाद्या पीएसआयने चुकत असला तरी चालेल, कारण दर वेळी तितकाच चुकेल. दर पंधरा दिवसांनी चारही आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. चांगला टायरही महिन्याला एक-दोन पीएसआय सोडतो. तीन चाकं एकाच पातळीवर आणि चौथं प्रत्येक वेळी चार-पाच पीएसआय खाली, असं दिसलं की ते चाक कुठेतरी गळतंय.

गळती शोधायला भांडी घासायचा साबण पाण्यात फेसाळ करून ब्रशने लावायचा. आधी वॉल्व्हच्या तोंडाशी, मग वॉल्व्हच्या बुडाशी, नंतर रिम आणि टायर जिथे भेटतात त्या गोल कडेवर दोन्ही बाजूंनी, आणि शेवटी नक्षीवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या भागावर. घाई करू नका. बारीक गळतीचा बुडबुडा उठायला अर्धा-एक मिनिट लागतं. तोंडाशी बुडबुडे आले तर आतली पिन सैल किंवा खराब आहे. बुडाशी आले तर वॉल्व्हचं रबर वाळलंय. वॉल्व्ह हलकेच वाकवून पाहिला की भेगा दिसतात. वॉल्व्ह ही किरकोळ वस्तू आहे, नवीन टायर बसवताना रबरी वॉल्व्ह नवा टाकायलाच हवा. रिमच्या कडेला बुडबुडे आले तर एक तर खड्ड्यात रिम वाकलीय, नाहीतर अलॉयवर पांढरट पूड धरून टायर नीट चिकटत नाहीये. टायर उतरवून ती कड घासून साफ केली की बहुतेक वेळा गळती थांबते. डोकं वर दिसणारा खिळा रुतलेला दिसला तर जागेवर उपटू नका. तो तिथे बूच म्हणून बसलेला असू शकतो. हवा बघा आणि तसाच दुकानापर्यंत न्या.

आता नक्षी. नव्या कारच्या टायरला साधारण सात-आठ मिलिमीटर खोल खाचा असतात. मोठ्या आडव्या-उभ्या खाचांच्या तळाशी मध्येच रबराचे छोटे बांध दिसतील. त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. ते सापडत नसतील तर साइडवॉलच्या वरच्या काठाला 'टीडब्ल्यूआय' अक्षरं किंवा छोटा त्रिकोण शोधा आणि त्याच्या सरळ रेषेत नक्षीकडे या. बांध आणि नक्षीचा माथा एका पातळीत आले की टायर संपला. बऱ्याच देशांत कायद्याची मर्यादाही हीच. पण तिथवर थांबणं शहाणपणाचं नाही. ओल्या रस्त्यावर चाकाखालचं पाणी बाजूला सारायचं काम या खाचाच करतात, आणि तीन मिलिमीटरच्या खाली आल्यावर ते काम झपाट्याने ढासळतं. पावसाळा तोंडावर आहे आणि खाच तीनच्या आसपास आहे, तर टायर बदलायचा विचार तेव्हाच करा. गोटा झालेला टायर कोरड्या रस्त्यावर बरा वाटतो, त्यामुळेच लोक फसतात.

खोली मोजताना एकाच ठिकाणी मोजू नका. नक्षीच्या रुंदीत तीन जागी मोजा: आतली कड, मधोमध, बाहेरची कड. हेच घेरावर आणखी दोन ठिकाणी करा. आतली कड हीच लोकांच्या नजरेतून सुटते. गाडी उभी असताना बाहेरून टायर छान दिसतो आणि आतल्या बाजूने तारा निघालेल्या असतात. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा. एका चाकाची नक्षी पूर्ण रुंदीने समोर येते. मग दुसऱ्या बाजूला वळवून दुसरं चाक बघा. मागच्या चाकांसाठी गाडीमागे खाली वाकून टॉर्च मारावा लागतो, किंवा सर्व्हिसला गाडी लिफ्टवर चढलेली असताना स्वतः खाली जाऊन बघायचं.

तीन आकडे हातात आले की कारण बरंचसं उघड होतं. दोन्ही कडा गेल्यात आणि मध्य शाबूत आहे, म्हणजे बराच काळ हवा कमी होती. मध्य गेला आणि कडा उरल्या तर हवा जास्त. फक्त एकच कड गेली असेल तर हवेचा संबंध नाही. चाकाचा कोन बिघडलाय, म्हणजे अलाइनमेंट, किंवा त्यामागे झिजलेले बॉल जॉइंट, बुश, टाय रॉड. इथे एक गोष्ट आग्रहाने सांगा: अलाइनमेंट करण्याआधी खालचे सांधे हलवून बघायला लावा. सैल सांध्यांवर केलेली अलाइनमेंट मशीनवर हिरवी दिसते आणि रस्त्यावर आठवड्यात बिघडते.

डोळ्यांना न दिसणारी झीज हाताला कळते. गाडी बंद, हँडब्रेक ओढलेला, टायर गार. तळवा नक्षीवर आडवा फिरवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचत असेल, तर चाकं सरळ न चालता तिरकी फरफटतायत. अलाइनमेंटमधला 'टो', म्हणजे चाकांची तोंडं आत किंवा बाहेर किती वळलीत तो कोन, चुकल्याची ही खूण आहे, आणि ती टायरची कड पूर्ण जायच्या बऱ्याच आधी सापडते. मग तळवा घेराच्या दिशेने फिरवा. थोड्या थोड्या अंतरावर उंच-सखल लाटा लागल्या, जागोजागी वाट्या खरवडल्यासारखं वाटलं, तर शॉक अब्सॉर्बरकडे बोट दाखवा: चाक रस्त्यावर टिकून न राहता उड्या मारतंय. बॅलन्सिंग, म्हणजे चाकाच्या घेरावरच्या वजनाचा समतोल, दीर्घकाळ बिघडलेलं असलं तरी असं होतं. मागच्या चाकांवर नक्षीच्या ठोकळ्यांची एक कड उंच आणि दुसरी बुटकी, पायऱ्यांसारखी, असा प्रकारही दिसतो. तो बहुधा अदलाबदल न केल्याने वाढलेला असतो. तारा बाहेर आल्याचा संशय असेल तिथे मात्र उघडा हात फिरवू नका. पोलादी तार कातडी फाडते.

साइडवॉलबद्दल नियम कडक आहेत, कारण तिथे रबराखाली पोलादी पट्टा नसतो. खड्ड्याच्या काठावर चाक जोरात आदळलं की रिम आणि दगडाच्या मध्ये टायरची बाजू चिमटली जाते आणि आतले दोरे तुटतात. बाहेर लगेच काही दिसत नाही. काही दिवसांनी त्या जागी गोल फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. कोणी 'आतून पॅच लावून देतो' म्हणालं तरी नाही. गाडी तशीच चालवू नका, स्टेपनी लावा. याची उलट खूणही सांगतो, कारण तिच्यामुळे चांगले टायर उगाच बदलले जातात. साइडवॉलवर रिमपासून वर जाणारा एखादा उथळ खळगा, आत गेलेला, फुगलेला नव्हे, असा दिसला तर घाबरू नका. टायर बनवताना आतल्या कापडाची टोकं एकमेकांवर चढवून जोडतात. तो जोड कमी ताणतो आणि हवा भरल्यावर तिथे खळगा दिसतो. बाहेर आलेलं वाईट, असा आत गेलेला खळगा निरुपद्रवी. साइडवॉल कापली असेल तर चिरेत डोकावून दोरे दिसतायत का बघा. दिसले तर टायर गेला.

टायर कमी चालला तरी म्हातारा होतो. साइडवॉलवर 'डीओटी'ने सुरू होणारी अक्षरांची रांग असते; तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. '२३२१' म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. बाहेरच्या बाजूला हे चार आकडे नसतील तर आतल्या बाजूला असतात. पाच वर्षांनंतर दर वर्षी एकदा जाणकाराकडून नीट तपासून घ्या आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांच्या पुढे नेऊ नका. काही गाड्यांच्या पुस्तिकेत सहा वर्षांचीच मर्यादा दिलेली असते, तिथे तीच पाळा. केसासारख्या बारीक भेगा वरवरच्या असतात. भेगा खाचांच्या तळाशी आल्या, किंवा बोटाने दाबल्यावर उघडायला लागल्या, की वय झालं. कमी वापराच्या गाडीत ही तपासणी जास्त महत्त्वाची, कारण तिथे नक्षी भरपूर दिसते आणि कोणी वर्ष बघतच नाही. स्टेपनीचंही वर्ष बघा.

चालवताना कळणाऱ्या खुणांमध्ये थरथर आणि ओढ यांची गल्लत होते, आणि लोक चुकीच्या कामाचे पैसे भरतात. थरथरीसाठी बॅलन्सिंग, ओढीसाठी अलाइनमेंट. गाडी साधारण ८० ते ११० च्या वेगात स्टिअरिंगमधून थरथरते आणि त्याच्या खाली-वर शांत होते, तर पुढच्या चाकाचं बॅलन्सिंग. तीच थरथर सीटखालून येत असेल तर बहुधा मागच्या चाकाचं. रिमवर चिकटवलेलं वजन पडलं असेल तर त्या जागी चिकटपट्टीचा चौकोनी ठसा उरतो. मशीनवर चढवण्याआधी रिमच्या आतल्या बाजूला साचलेला चिखल धुवा. वाळलेल्या चिखलाचा एक गोळा पुरतो चाक हलवायला. याउलट २०-४० च्या वेगातच गाडी डोलत असेल, प्रत्येक फेरीला 'धप-धप' येत असेल, तर बॅलन्सिंगचा विचार सोडा आणि तिथेच थांबून टायर बघा. आतला पट्टा सुटून नक्षीवर टेंगूळ आलेलं असू शकतं, आणि तो टायर पुढच्या किलोमीटरलाही जाऊ शकतो. खूप दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर सुरुवातीला थोडे चपटे चालतात. दहा-पंधरा किलोमीटरमध्ये गरम होऊन ते गोल झाले तर काळजी नको.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी हवा मोजा. ती ठीक असेल तर पुढचे डावे-उजवे टायर आपसात बदला, मात्र साइडवॉलवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तरच. ओढीची बाजू बदलली तर दोष टायरच्या बांधणीत आहे, अलाइनमेंट कितीही केली तरी जाणार नाही. बाजू तीच राहिली तर अलाइनमेंट, किंवा एका चाकाचा ब्रेक अडकतोय. तो अडकत असेल तर चालवून आल्यावर त्या चाकाची रिम बाकीच्यांपेक्षा बरीच गरम लागते.

वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं टायरची की बेअरिंगची, हेही ओळखता येतं. गुळगुळीत डांबरावर आवाज बदलला, खडबडीत रस्त्यावर वेगळा झाला तर टायर. डावीकडे वळताना वाढला आणि उजवीकडे वळताना कमी झाला तर उजव्या चाकाचं बेअरिंग तपासा, कारण डाव्या वळणात भार उजवीकडे जातो.

डॅशबोर्डवरचा टायरचा दिवा साधारण एक चतुर्थांश हवा गेल्यावरच लागतो, त्यामुळे तो आहे म्हणून गेज सोडू नका. दिवा सलग पेटलेला असेल तर हवा कमी. गाडी सुरू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला तर यंत्रणाच बिघडलीय, बहुधा चाकातल्या सेन्सरची बॅटरी संपली. काही गाड्यांत सेन्सर नसतोच. चाकाच्या फिरण्यावरून अंदाज काढला जातो, आणि हवा भरल्यावर तो रीसेट करावा लागतो. नायट्रोजनबद्दल एवढंच: साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. घातला तर वाईट नाही, पण त्याच्या भरवशावर प्रेशर मोजणं बंद करू नये.

पंक्चर झालं तर भोक कुठे आहे ते आधी बघा. नक्षीच्या मधल्या भागात, सहा मिलिमीटरपर्यंतचं भोक पक्कं दुरुस्त होतं. कडेचं आणि साइडवॉलचं होत नाही. बाहेरून दोरी खुपसणं ही घरी पोचण्यापुरती सोय. पक्कं काम म्हणजे टायर उतरवून आतून मशरूम लावणं, म्हणजे दांडा भोक भरतो आणि टोपी आतल्या थरावर चिकटते. टायर उतरवायचा खरा फायदा वेगळाच आहे: आत डोकावता येतं. हवा गेलेल्या चाकावर गाडी थोडी जरी चालली असेल तर आत काळा रबराचा भुगा आणि साइडवॉलवर आतून गोल घासलेला पट्टा दिसतो. असा टायर भोक कितीही लहान असलं तरी टाकून द्यायचा. उतरवलेलं चाक परत बसवताना बॅलन्सिंग करून घ्या.

अदलाबदल दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला. पुढची चाकं फिरवणाऱ्या गाडीत पुढचे सरळ मागे आणि मागचे आडवे पुढे, म्हणजे मागचा डावा पुढे उजवीकडे. बाण असलेले टायर मात्र त्याच बाजूला पुढे-मागेच. नट ताऱ्याच्या क्रमाने, म्हणजे एकानंतर समोरचा असे, टॉर्क पान्याने (किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना) आवळायचे. बऱ्याच कारना ९० ते १२० न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा पुस्तिकेत. हवेच्या बंदुकीने करकचून आवळले की स्टड, म्हणजे नट बसतात ते बोल्ट, ताणले जातात आणि रस्त्यात पंक्चर झाल्यावर गाडीतल्या पान्याने सुटत नाहीत. ५०-१०० किलोमीटरनंतर एकदा परत तपासा.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरी. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जायला बघते आणि पाय उचलला की सावरते. मागची सुटली तर शेपूट फिरतं, आणि ते सावरणं सराईत हातालाही अवघड. एका एक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन्ही टायर एकाच मापाचे आणि नक्षीचे हवेत, आणि चारही चाकं फिरवणाऱ्या गाडीत चौघांच्या खोलीतला फरक किती चालतो ते पुस्तिकेत बघूनच ठरवा. '१८५/६५ आर१५ ८८एच' असं लिहिलेलं असेल तर ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलोचा भार आणि 'एच' म्हणजे २१० किलोमीटर वेगाची मर्यादा. स्वस्त मिळतोय म्हणून भाराचा आकडा पुस्तिकेपेक्षा खाली आणू नका.

स्टेपनी बारीक, तात्पुरती असेल तर तिच्यात सहसा ६० पीएसआय लागतात आणि वेग ८० च्या आत ठेवायचा असतो. दोन्ही आकडे तिच्यावरच छापलेले असतात. पंधरवड्याच्या मोजणीत तिचा पाचवा आकडा धरा.